मागच्या चाकापासून सुरुवात: जुन्या टूरिंग सायकलच्या दुरुस्तीच्या नोंदी

४ जानेवारी

गेल्या प्रवासात मागच्या चाकाचे तीन आरे तुटले आणि तिन्ही उजव्या बाजूचे, म्हणजे फ्रीव्हीलच्या (चेन ज्यावर चढते त्या मागच्या चकत्यांच्या गठ्ठ्याच्या) बाजूचे होते. लांबच्या प्रवासात आरा तुटणे ही नवलाची गोष्ट नाही; पण उजव्या बाजूचा आरा बदलायचा तर आधी फ्रीव्हील उतरवावे लागते, त्यासाठी त्याचा खास पुलर आणि लांब दांड्याचा पाना लागतो, आणि ही अवजारे सामानात घेऊन कोणी फिरत नाही. त्यामुळे शेवटचा टप्पा मी मागचा ब्रेक सैल करून, डोलत फिरणारे चाक सांभाळत पूर्ण केला. आता नवी टूरिंग सायकल घ्यावी की हीच नीट करावी, हे ठरवायचे आहे.

सायकल १९८० च्या दशकातील आहे. लग (नळ्यांच्या सांध्यांवरच्या धातूच्या बाह्या) वापरून जोडलेली पोलादी चौकट, तिच्यावर रेनॉल्ड्स ५३१ या पातळ पोलादी नळ्यांचा अर्धवट झडलेला स्टिकर, मागे स्क्रूचे सहा चकत्यांचे फ्रीव्हील, पुढे ५२ आणि ४२ दात्यांच्या दोन चकत्या आणि २७ इंची चाके, असा तिचा संच आहे. हिच्यावर माझा जीव आहे आणि नेमकी तीच निर्णयातली अडचण आहे. म्हणून काम सुरू करण्यापूर्वीच वहीच्या पहिल्या पानावर अट लिहून ठेवली: चौकट सरळ आणि निकोप निघाली, अडकलेली सीटची दांडी सुटली आणि मागच्या चाकाचा प्रश्न कायमचा मिटणार असला, तरच जुनी ठेवायची, यांपैकी एकही अट मोडली तर नवी घ्यायची.

११ जानेवारी

नव्या सायकलींची मापे अभ्यासली. डॉज गॅलक्सी १९७१ पासून आणि ट्रेक ५२० १९८३ पासून बाजारात आली. टूरिंग सायकल म्हणजे काय याची कल्पना अशा सायकलींमुळे पुष्कळ अंशी पक्की झाली. पेडलच्या धुऱ्यापासून मागच्या धुऱ्यापर्यंतची लांब चौकट, कॅरिअर व मडगार्ड बसवायला आटे पाडलेली भोके, रुंद टायरला जागा आणि चढाला पुरेल असा हलका गेअर, ही तिची ओळख. यांतले लांब चौकटीचे माप मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण ते आखूड असले तर प्रत्येक पेडलला टाच मागच्या पिशवीला लागते, आणि त्यावर पुढे कोणताही उपाय उरत नाही. टूरिंगसाठी ते ४३० ते ४६० मिलिमीटर असावे. माझ्या सायकलीचे ४४५ भरले.

नव्या सायकलींचे दोन गुण मात्र मोकळेपणाने मान्य केले पाहिजेत. डिस्क ब्रेकमुळे रिम झिजत नाही आणि ओल्या उतारावर भरवसा वाढतो, तसेच रुंद टायरसाठी त्यांच्यात भरपूर जागा असते. परंतु सर्व रस्त्यांच्या सायकली म्हणून ज्या समोर आल्या, त्यांतील बऱ्याच जणींना पुढे एकच चकती आणि मोजके आरे असलेली चाके होती. एकट्या स्वाराला ती पुरतात. पण त्यावर वीस किलो सामान लादायचे असेल तर पहिल्याच दिवसापासून चाक बदलण्याचा विचार करावा लागेल, आणि मग नवी घेऊनही प्रश्न पुन्हा मागच्या चाकापाशीच येऊन थांबतो.

१७ जानेवारी

चौकटीवरचे सुटतील ते सर्व भाग उतरवले आणि चौकट रॉकेलने धुऊन, पुसून उजेडात तपासली. खालच्या तिरप्या नळीला हँडलच्या नळीजवळ खालून बोट फिरवून पाहिले, कारण समोरून धडक बसलेल्या चौकटीत तिथे हलकासा उंचवटा किंवा सुरकुती येते आणि तिथला रंग बारीक तडकलेला दिसतो. तसे काही आढळले नाही. पेडलचा धुरा ज्यात फिरतो त्या कवचाभोवती आणि मागचे चाक बसते त्या खाचांच्या मुळाशी भिंगाने पाहिले. तडा नाही, गंज आहे, पण तो वरवरचा आहे.

त्यानंतर दोऱ्याची चाचणी घेतली. मागच्या एका खाचेला दोरा बांधून तो हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत ताणून आणायचा आणि सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्याचे अंतर मोजायचे, इतकी ती साधी आहे; पण चौकट तिरकी असेल तर ती लपू देत नाही. डावीकडे २५ आणि उजवीकडे २६ मिलिमीटर भरले. अंतरात एका मिलिमीटरचा फरक म्हणजे चौकट प्रत्यक्षात अर्धा मिलिमीटर बाजूला आहे, आणि चाळीस वर्षांच्या सायकलीसाठी हे उत्तम माप आहे. अटीचा पहिला भाग पूर्ण झाला.

१८ ते ३० जानेवारी

सीटची दांडी ॲल्युमिनियमची आणि नळी पोलादाची. दोन वेगळे धातू एकत्र असले आणि मध्ये ओलावा शिरला की ॲल्युमिनियम झिजून त्याची पांढरी भुकटी होते, ती मूळ धातूपेक्षा अधिक जागा व्यापते आणि दांडी पाचर मारल्यासारखी घट्ट बसते. मागील मालकाने ती ग्रीस न लावता बसवली असावी.

पहिले चार दिवस वरून आत शिरणारे तेल सोडले आणि काहीही हलले नाही. मग लक्षात आले की तेल वरच्या कडेशीच अडत असणार. म्हणून चौकट उलटी टांगून पेडलच्या कवचातून तेल सोडले, जेणेकरून ते दांडीच्या खालच्या टोकाकडून वर शिरेल. रोज सकाळ-संध्याकाळ थोडे तेल आणि लाकडी हातोड्याचे चार हलके टोले, असे आठ दिवस केले. आज दांडीचा माथा मोठ्या शेगड्यात, म्हणजे व्हाइसमध्ये, घट्ट पकडला आणि चौकटच दोन्ही हातांनी धरून फिरवली. आधी काहीच झाले नाही. मग सुकी फांदी मोडावी तसा एकच आवाज आला आणि चौकट केसभर सरकली. त्यानंतर पुढे-मागे फिरवत पाऊण तासात दांडी बाहेर आली. तिच्या अंगावर पिठासारखी पांढरी भुकटी होती आणि खालच्या टोकाला धातू खरवडून खोल खळगे पडले होते.

दांडीचा व्यास व्हर्निअरने २७.२ मिलिमीटर भरला आणि त्यातून आणखी एक गोष्ट कळली. नळीचा बाहेरचा व्यास २८.६ आहे, म्हणजे तिच्या भिंतीची जाडी ०.७ मिलिमीटरपेक्षा अधिक असूच शकत नाही. साध्या जाड पोलादी नळीत याहून बरीच बारीक दांडी लागते. स्टिकर कोणीही चिकटवू शकतो, पण नळीच्या भिंतीची जाडी नंतर बदलता येत नाही. रेनॉल्ड्सने १९३५ मध्ये आणलेल्या या मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाच्या नळ्या इतक्याच पातळ असत. एवढ्याने स्टिकर सिद्ध होत नाही, परंतु तो खरा मानायला आता आधार आहे.

७ फेब्रुवारी

पेडलचा धुरा उघडला. उजव्या बाजूचा स्थिर कप सोडवताना आट्यांची दिशा माहीत असणे आवश्यक आहे: इंग्लिश मापाच्या कवचात उजव्या कपाला उलटे आटे असतात आणि तो घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटतो, तर इटालियन मापात दोन्ही बाजूंना सरळ आटे असतात. कवचाची रुंदी ६८ मिलिमीटर भरली, म्हणून इंग्लिश माप धरले, कारण इटालियन कवच ७० चे असते. ६८ चे कवच फ्रेंच मापाचेही असू शकते, म्हणून कप बाहेर आल्यावर आटे मोजून खात्री केली. इंचाला २४ भरले. छर्रे दोन्हीकडे प्रत्येकी अकरा, पाव इंचाचे; ते फिके पडलेले, आणि कपांच्या वाटेत चरे पडलेले होते. धुरा आणि छर्रे एकत्र असलेले नवे सीलबंद कार्ट्रिज बसवायचे ठरवले. याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

९ फेब्रुवारी

आज मूळ दुखण्याचे कारण हाती लागले. मागचा हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, उघडून धुरा काढला आणि काचेच्या सपाट तुकड्यावर घरंगळत सोडला. तो मध्यभागी उठत-बसत गेला. धुरा वाकलेला होता. चाक सरळ करायला मी इतकी वर्षे आऱ्यांना हात लावत होतो, तेव्हा चाकाचा आधारच वाकडा होता.

कारण रचनेतच आहे. जुन्या पद्धतीत फ्रीव्हील हबवर आट्यांनी चढते आणि उजवीकडचे छर्रे हबच्या आतच, चकत्यांच्या गठ्ठ्याच्या आतल्या बाजूला राहतात. त्यामुळे छर्ऱ्यांपासून चौकटीच्या खाचेपर्यंत तीन सेंटिमीटरांहून अधिक लांबीचा धुरा आधाराशिवाय उरतो, आणि खड्ड्यात चाक आपटले की सामानासह सगळा भार त्या तुकड्याला वाकवतो. चकत्यांची संख्या जितकी वाढली तितका हा तुकडा लांबत गेला. शिमानोने १९७८ मध्ये आणलेल्या फ्रीहबमध्ये फिरणारा भाग हबचाच अंश झाला आणि उजवे छर्रे चकत्यांच्या खाली, खाचेच्या अगदी जवळ नेता आले. फ्रीहबवर बसणारा चकत्यांचा गठ्ठा, म्हणजे कॅसेट, उतरवायला लागणारी अवजारेही लहान असतात, त्यामुळे वाटेत उजवा आरा बदलणे शक्य होते. माझ्या दोन्ही तक्रारींना एकच उत्तर आहे: फ्रीहबचे नवे चाक.

अडचण एवढीच की मालवाहू टूरिंगसाठी योग्य असा हब १३५ मिलिमीटरचा असतो आणि माझ्या चौकटीच्या खाचांमधील अंतर १२६ आहे. १३० चा हब बसवणे सोपे गेले असते. पण त्यात उजवी बाजू अधिक सपाट येते, उजव्या-डाव्या आऱ्यांच्या ताणातील तफावत वाढते आणि चाक पुन्हा दुबळे होते. ज्या कारणासाठी हा सगळा खटाटोप आहे त्यातच तडजोड करायची नाही, म्हणून १३५ ठरवले. पोलादी चौकट थंड अवस्थेत फाकवता येते; ॲल्युमिनियम किंवा कार्बनच्या चौकटीला असे करणे म्हणजे तिला तडा देणे होय. अटीची तिन्ही कलमे पूर्ण होत आहेत. जुनी सायकल ठेवत आहे.

१ मार्च

चौकट फाकवली. दोन्ही खाचांमधून आटे असलेली सळई घातली, आतून वॉशर व नट लावले आणि दोन्ही नट थोडे-थोडे फिरवत खाचा बाहेर ढकलत नेल्या. पोलाद चांगलेच लवचीक असते: १५० मिलिमीटरपर्यंत ताणून सोडले तरी माप पुन्हा १२६ वर आले. १६० ला तसेच. त्यापुढे दर वेळी पाच मिलिमीटर वाढवत आणि दर वेळी पूर्ण सोडून मोजत गेलो, कारण जास्त फाकलेली चौकट परत आत आणणे म्हणजे त्याच जागी धातूला दोनदा वाकवणे होय. अखेर सोडल्यावर माप १३५ वर स्थिरावले.

मग पुन्हा दोरा लावला, आणि तो लावणे किती आवश्यक होते ते दिसले. डावी बाजू सहा मिलिमीटर गेली होती आणि उजवी फक्त तीन. सळई दोन्ही बाजूंना सारखेच ढकलते, पण जी बाजू किंचित मऊ असते ती आधी जाते. मोजले नसते तर १३५ चे चाक व्यवस्थित बसले असते आणि चौकटीच्या मध्यरेषेपासून दीड मिलिमीटर डावीकडे धावत राहिले असते. लाकडी फळीचा टेकू सीटच्या नळीला देऊन एक-एक बाजू हाताने दाबत डावी आत आणि उजवी बाहेर घेतली. या कामाला अडीच तास लागले. आता दोन्हीकडे दोऱ्याचे अंतर सारखे आहे.

प्रत्येक बाजू साडेचार मिलिमीटर बाहेर गेल्यामुळे खाचा एकमेकींना समांतर राहिल्या नव्हत्या. ४४५ मिलिमीटर लांबीवर हा कल अर्ध्या अंशाहून थोडा अधिक येतो. तेवढाही कल राहिला तर धुरा घट्ट करताना त्याला वाकवण्याचा जोर लागतो, म्हणून खाचा सरळ करण्याच्या जोड-अवजाराने त्या समांतर केल्या आणि डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) लटकतो तो कानही चाकाशी समांतर केला.

८ मार्च

चाकाचा आकार ठरवला. जुनी २७ इंची रिम टायर बसतो तिथे ६३० मिलिमीटर व्यासाची आहे, आणि नव्या ७००सी रिमचे तेच माप ६२२ आहे. नावात फारसा फरक वाटत नसला तरी एकीचा टायर दुसरीवर बसत नाही, आणि ६२२ चे टायर आज सर्वत्र मिळतात, ६३० चे मिळतीलच असे नाही. त्रिज्या चार मिलिमीटरने घटते, म्हणून ब्रेकचे रबर तेवढे खाली येईल का हे आधी पाहिले. कँटिलिव्हर ब्रेकच्या भुजेतील खाचेत रबर खाली सरकवून ते जेमतेम, पण नीट बसते. टायर ३२ ऐवजी ३७ मिलिमीटरचा घेतल्याने पाच मिलिमीटर उंची परत मिळते, त्यामुळे पेडलची जमिनीपासूनची उंची जवळपास होती तशीच राहते. पुढचे चाकही याच मापाचे करणार, कारण दोन चाकांसाठी दोन मापांच्या ट्यूब व टायर वाहून नेण्यात काहीच शहाणपण नाही.

१४ ते २२ मार्च

मागचे चाक विणले. ३६ आरे, तीन छेद (म्हणजे प्रत्येक आरा इतर तीन आऱ्यांना ओलांडतो), टोकांना २.० आणि मधे १.८ मिलिमीटर जाडीचे. मधला भाग बारीक असलेला आरा अधिक मजबूत कसा, असे कोणीही विचारील. आरा सहसा एका धक्क्याने तुटत नाही. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात तळाशी आलेला आरा किंचित सैल होतो आणि पुन्हा ताणला जातो, आणि या येरझाऱ्यांनी त्याचे कोपर, म्हणजे हबमध्ये अडकणारा वाकलेला भाग, थकून तुटते. माझ्या चाकाचे एका किलोमीटरमध्ये सुमारे ४६० फेरे होतात, म्हणजे शंभर किलोमीटरच्या दिवसात प्रत्येक आरा ४६,००० वेळा सैल-घट्ट होतो. बारीक मध्याचा आरा तेवढ्याच ताणाला अधिक लांबतो, त्यामुळे चाक दबले तरी तो पूर्ण सैल पडत नाही आणि कोपरावरचे हेलकावे कमी होतात. माझे तिन्ही जुने आरे कोपरातच तुटले होते आणि तिन्ही एकसारख्या जाडीचे होते.

पहिल्या दिवशी सगळे आरे ओवून निपल, म्हणजे रिमपाशी आरा आवळणारे नट, सारखे फिरवले. नंतरचे दिवस आऊट काढण्यात गेले: आधी उंच-सखलपणा, मग डावे-उजवे, मग रिम धुऱ्याच्या मध्यावर आणणे, आणि पुन्हा पहिल्यापासून. १३५ च्या हबमध्येही डाव्या आऱ्यांचा ताण उजव्यांच्या ६० टक्क्यांच्या आसपासच राहतो, त्यामुळे दोन्ही बाजू एकाच सुरात वाजणार नाहीत. पण उजवीकडचे अठरा आरे आपापसात आणि डावीकडचे आपापसात सारखे वाजले पाहिजेत. नखाने प्रत्येक आरा छेडून ऐकले. उजवीकडचा एक आरा सारखा खालच्या सुरात बोलत होता आणि तो वर आणला की त्याच्या शेजारचे दोन चढत होते. शेवटी रिमचा जोड तिथेच आहे हे लक्षात आले आणि तेवढा फरक राहू दिला.

ताण पूर्ण झाल्यावर समांतर आऱ्यांच्या जोड्या दोन्ही हातांनी जोराने आवळत चाकाभोवती फिरलो. यामुळे कोपरे हबमध्ये नीट बसतात आणि वाकवताना धातूत राहिलेला ताण निघून जातो. पहिल्या वेळी आरे कुरकुरले आणि चाक दीड मिलिमीटर बाहेर गेले. सरळ करून पुन्हा आवळले, तेव्हा अर्धा मिलिमीटर. तिसऱ्या वेळी चाक जागचे हलले नाही. पुढचे चाक दोन्हीकडून सारखे असल्यामुळे एका दुपारी झाले.

२९ मार्च

गेअर बसवले. जुना सर्वांत हलका गेअर ४२ ला २८ होता. पेडलच्या एका फेऱ्यात सायकल ३.२ मीटर पुढे जात असे, म्हणजे मिनिटाला ६० फेरे मारायचे तर ताशी साडेअकरा किलोमीटर वेग ठेवावा लागे. सामान घेऊन उभ्या चढावर तो वेग माझ्या पायांत नाही. जुन्या क्रँकवर (पेडलचे दांडे व पुढच्या चकत्यांचा संच) ४१ दात्यांहून लहान चकती बसत नाही, म्हणून क्रँकच बदलला: ४६, ३६ आणि २६ दात्यांच्या तीन चकत्या, मागे ११ ते ३४ दात्यांची, नऊ चकत्यांची कॅसेट. आता २६ ला ३४ वर एका फेऱ्यात १.६५ मीटर, म्हणजे तशाच फेऱ्यांना ताशी सहा किलोमीटर. डिरेलरला पुढचा २० आणि मागचा २३ मिळून ४३ दात्यांइतकी चेनची ढील आवळावी लागते, त्यासाठी लांब भुजेचा घेतला. तिरप्या नळीवरचे जुने लिव्हर ठेवले आहेत. ते टप्प्यांचे नसून घर्षणाचे असल्यामुळे कॅसेट सहाची असो वा नऊची, त्यांना फरक पडत नाही.

बदलत्या गेअरचा आग्रह प्रथम प्रवाशांनी धरला, शर्यतवीरांनी नव्हे, हे इथे आठवते. फ्रान्समधील पॉल द विव्ही, ज्यांना वेलोसिओ म्हणून ओळखतात, ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून डोंगरवाटांवर स्वतः गेअर वापरून त्यांचा पुरस्कार करीत होते. टूर द फ्रान्समध्ये डिरेलरला मोकळीक मिळायला १९३७ साल उजाडले.

५ एप्रिल

हँडलचे कप-छर्रे नवे घातले, कारण सरळ धावताना हँडल मध्यावर एका खळग्यात बसल्यासारखे अडत होते. केबल आणि ब्रेकची रबरे नवी घातली. रंग नव्याने दिला नाही. गंजलेल्या जागा घासून प्रायमर व रंग लावला आणि नळ्यांच्या आतून तेलाचा हात फिरवला. सीटची नवी दांडी भरपूर ग्रीस लावून बसवली.

१२ एप्रिल

सामानासह पहिली फेरी. मागच्या दोन पिशव्यांत १८ किलो भरले होते. चढावर सायकल शांत चालली; उतारावर मात्र ताशी चाळीसच्या आसपास हँडल थरथरू लागले आणि थरथर वाढत गेली. गुडघा वरच्या नळीला दाबून धरताच ती थांबली. पातळ नळ्यांच्या चौकटीत सगळे वजन मागे टाकल्याचा हा परिणाम आहे. पुढच्या चिमट्याला धुऱ्याच्या उंचीवर कॅरिअर लावून आठ किलो पुढे नेले आणि मागच्या पिशव्या जितक्या पुढे सरकतील तितक्या सरकवल्या. ४४५ च्या लांबीमुळे तरीही टाच लागत नाही. त्याच उतारावर दोनदा उतरलो, थरथर आली नाही.

३ मे

एकूण ३२० किलोमीटर झाले. मागचे चाक स्टँडवर लावून पाहिले: बाजूला पाव मिलिमीटर, उंचीत त्याहून कमी. डावीकडचे दोन आरे थोडे सैल वाटले, त्यांना पाव-पाव फेरा दिला. उजवीकडे हात लावावा लागला नाही. नवा धुरा काढून काचेवर घरंगळवला, सरळ आहे.

जादा आरे सामानात बांधले. मागच्या उजव्या आऱ्यांपेक्षा डावे दोन मिलिमीटर लांब आहेत आणि पुढच्यांची लांबी आणखी वेगळी, त्यामुळे अंधारात गफलत होऊ नये म्हणून तिन्ही प्रकारांना वेगवेगळ्या रंगाच्या पट्ट्या लावल्या: उजव्यांना लाल, डाव्यांना निळी, पुढच्यांना पांढरी. प्रत्येकी तीन आरे, त्यांचे निपल आणि कॅसेट उतरवण्याचे लहान अवजार सीटच्या नव्या दांडीत कापडात गुंडाळून ठेवले आहे. सोमवारी पहाटे निघतो.